थरच्या वाळवंटातली वाट : जवळची की पाण्याची?

यंदाच्या उत्सवाच्या तयारीची पहिली बैठक वर्गणीसाठी होती, पण वर्गणीचा विषय संपायच्या आतच दिवाळीनंतरच्या सहलीचा विषय निघाला. जैसलमेर नक्की झाले, स्वतःच्या गाड्यांनी जायचे हेही नक्की झाले, आणि मग रस्त्यावरून दोन तट पडले. एक तट म्हणे, अहमदाबाद, पालनपूर, डीसा, सांचोर, बाडमेर असे सरळ जाऊ. दुसरा म्हणे, पालनपूरहून आबू रोड, पाली, जोधपूर, पोखरण असे जाऊ, दीड-दोनशे किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. तरुण मंडळींनी मोबाईल काढून तिसराच रस्ता दाखवला. गावागावांतून जाणारा आणि वीस-पंचवीस किलोमीटर वाचवणारा.

आम्ही सरकारी नोकरीत, तेही रस्त्यांच्या कामावर. त्यामुळे निर्णय आमच्यावर ढकलण्यात आला. निर्णय शेवटी दिला आहे. पण तो देण्याआधी थोडे मागे, म्हणजे बरेच मागे जावे लागेल. वाळवंटात कुठल्या रस्त्याने जावे हा प्रश्न बडोदेकरांच्या सहलीपेक्षा हजारभर वर्षांनी जुना आहे, आणि त्याची चुकीची उत्तरे देणाऱ्यांत मोठमोठी नावे आहेत.

आमची स्वतःची चूक

आधी कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबे ऐन मे महिन्यात बाडमेरहून जैसलमेरला निघालो होतो. महामार्ग सोडून मोबाईलने दाखवलेल्या आडवाटेला लागलो. डांबर होते, वाहतूक नव्हती, आम्ही खुशीत होतो. मग एका वळणावर वाऱ्याने रस्त्यावर वाळू आणून टाकली होती. गाडी तिच्यात शिरली आणि चाके जागीच फिरू लागली. दुपारचा एक वाजला होता. मोबाईलला रेंज नव्हती. दोन लहान मुले, मधुमेह असलेल्या आत्या आणि पाण्याच्या बाटल्या उरल्या होत्या तीन.

तासाभराने शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा आले. त्यांनी आम्हाला जवळच्या ढाणीवर नेले. ढाणी म्हणजे चार-पाच झोपड्यांची वस्ती. तिथे जमिनीत बांधलेला गोल टांका होता, आणि त्याच्या झाकणाला कुलूप होते. घरातल्या बाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडले, बादली सोडली आणि आधी मुलांना पाणी दिले. धान्याच्या कोठीला कुलूप आपण पाहिले आहे, पाण्याला लावलेले कुलूप आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. वर्षभराचे पावसाचे पाणी त्यात होते, आणि ते आम्हाला न विचारता मिळाले. संध्याकाळी त्यांच्याच माणसांनी चाकांखाली झुडपे घालून गाडी बाहेर काढली. आत्या त्या दिवशी वाचल्या त्या त्या किल्लीमुळे. तेव्हापासून वाळवंटातल्या वाटांविषयी मिळेल ते वाचायची आम्हाला सवय लागली.

बाप वाळवंटातून, मुलगा काठाने

जुन्या काळी थरमधली वाट म्हणजे दोन विहिरींना जोडणारी रेघ. विहीर आटली की वाट मेली. 1025 साली गझनीचा महमूद मुलतानहून सोमनाथाकडे निघाला, तेव्हा त्याने हजारो उंटांवर पाणी लादून घेतले होते, असे इतिहासकार सांगतात. परतताना मात्र तो कच्छ-सिंधच्या बाजूने गेला आणि त्या वाटेवर त्याच्या सैन्याचे पाण्यावाचून अतोनात हाल झाले.

हुमायूनची गोष्ट आणखी बोलकी आहे. शेरशहाकडून हरल्यावर तो मारवाडच्या मालदेवाच्या आशेने 1542 साली फलोदीपर्यंत आला. मालदेवाच्या मनात काही वेगळेच आहे असा संशय आल्यावर तो पश्चिमेला वळला आणि जैसलमेरवरून उमरकोटची वाट धरली. जैसलमेरच्या रावळाने वाटेतल्या विहिरी वाळूने बुजवल्या होत्या. हुमायूनचा सेवक जौहर याने या प्रवासाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. एक विहीर इतकी खोल होती, की पाणी वर आले हे दोर ओढणाऱ्या जनावरामागच्या माणसाला कळावे म्हणून ढोल वाजवावा लागे. तहानेने माणसे त्या बादलीवर तुटून पडत. गरोदर हमीदाबानू याच तांड्यात होती. मोजक्या लोकांनिशी ते कसेबसे उमरकोटला पोहोचले आणि तिथे 15 ऑक्टोबर 1542 रोजी अकबराचा जन्म झाला.

आता या अकबराकडे पाहा. 1573 साली गुजरातेत बंड झाले, तेव्हा तो फतेपूर सिक्रीहून 23 ऑगस्टला निघाला आणि 2 सप्टेंबरला अहमदाबादेसमोर लढाईला उभा राहिला. सोबत सुमारे तीन हजार माणसे, त्यांत वेगवान सांडणीस्वारही. हा प्रवास इतिहासात गाजला तो वेगासाठी. आम्हाला त्यातली वाट जास्त महत्त्वाची वाटते. अजमेर, मेडता, सोजत, पाली, जालोर, डीसा, पाटण. म्हणजे अरवलीच्या पायथ्याशी, वाळवंट उजव्या हाताला ठेवून. डोंगराचे पाणी या बाजूला उतरते, विहिरी उथळ असतात, गावे जवळजवळ असतात. त्यातून पावसाळ्याचे दिवस होते. बाप ज्या वाळवंटात सापडला, त्याच्या काठाकाठाने मुलगा अकराव्या दिवशी अहमदाबादेत होता. आजचा पाली–जोधपूरचा रस्ता बराचसा याच पट्ट्यातून जातो.

मराठी घोडा जैसलमेरला का गेला नाही?

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न पडायला हवा. 1758 साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. राजपुतान्यातली जवळजवळ सगळी संस्थाने मराठ्यांच्या चौथाईखाली आली. जैसलमेर मात्र या धामधुमीपासून जवळपास अलिप्त राहिले आणि 1818 च्या डिसेंबरात त्याने थेट कंपनी सरकारशी तह केला. ते शौर्याच्या जोरावर अलिप्त राहिले, की गरिबीमुळे?

आमचे उत्तर साध्या हिशेबाचे आहे. घोड्याला दिवसाला निदान तीस लिटर पाणी लागते. दहा हजार घोड्यांची फौज धरली तर रोजचे तीन लाख लिटर झाले. आता तीनशे फूट खोल विहिरीवर शंभर लिटरची मोट चालते असे समजू. एक खेप पाच मिनिटांत झाली तरी तासाला बारा खेपा, म्हणजे बाराशे लिटर. तीन लाख लिटर काढायला अडीचशे तास लागतील. रात्रंदिवस मोट हाकली तरी दहा दिवस! आणि घोडा पुन्हा दुसऱ्या दिवशी तहानलेलाच. अटकेच्या वाटेवर यमुना, सतलज, बियास, रावी, चिनाब, झेलम अशा नद्या ओळीने होत्या. जैसलमेरच्या वाटेवर एकही नव्हती.

म्हणूनच राजपुतान्यातले आपले रणसंग्राम नकाशावर मांडून पाहिले तर ते वाळवंटाच्या पूर्व कडेने जातात. अजमेर, मेडता, नागौर. जयाप्पा शिंदे यांनी विजयसिंहाला नागौरात कोंडले. वेढा वर्षाहून अधिक चालला, आणि जुलै 1755 मध्ये नागौरजवळ ताऊसरच्या छावणीत जयाप्पांचा दग्याने खून झाला. दत्ताजी शिंद्यांनी वेढा पुढे चालवला, तह झाला आणि अजमेर मराठ्यांकडे आले. पण नागौरच्या पश्चिमेला, खऱ्या वाळवंटात, मराठी फौजांना रस नव्हता. अटकेपार गेलेल्यांना हा भाग अवघड होता असे म्हणण्यापेक्षा, पाण्याचा हिशेब त्यांना आपल्याहून चांगला येत होता असे म्हणावे.

ज्यांना वाट सापडली होती

मग जैसलमेर जगले कसे? ते उंटांवर जगले. 1156 च्या सुमारास रावळ जैसल याने लोद्रव्याहून राजधानी इथे आणली. सिंध आणि मुलतानकडून गुजरात-मारवाडकडे जाणारे तांडे इथून जात. पटव्यांच्या हवेल्या आपण कौतुकाने पाहतो, त्या याच व्यापाराच्या पैशावर उभ्या आहेत. पण त्या पैशाच्या मुळाशी पाण्याची विद्या होती. गडीसर तलाव शहराला पाजत असे. पालीवालांनी खडीन बांधले, म्हणजे उतारावरचे पावसाचे पाणी लांब बांधाने अडवायचे आणि ते जिरल्यावर ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. काही भागांत जमिनीखाली खडियाचा थर असतो. तो पावसाची ओल खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. त्या थरापर्यंत अरुंद कुई खणून थेंब थेंब गोडे पाणी गोळा करतात. आणि टांका तर आम्ही स्वतः अनुभवलाच. आपल्या गडांवरच्या टाक्यांचे ते चुलत भावंडच.

या वाटा तलवारीने मोडल्या नाहीत, मुंबई बंदराने आणि रेल्वेने मोडल्या. माल जहाजाने मुंबईला आणि तिथून आगगाडीने जाऊ लागल्यावर उंटाची गरज उरली नाही. जैसलमेर ओसरत गेले.

त्या भागात पुन्हा रस्ते बांधले गेले ते सीमेमुळे. 1971 च्या डिसेंबरात थरची आघाडी पुण्याच्या दक्षिण कमांडकडे, लेफ्टनंट जनरल गो. गु. बेवूर यांच्याकडे होती. 4 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे लोंगेवालावर आले. समोर आपले जेमतेम शंभर-सव्वाशे जवान होते. वेढा घालण्यासाठी रणगाडे रस्ता सोडून बाजूला गेले आणि मऊ वाळूत रुतले. उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी त्यांना जागच्या जागी टिपले. जवानांचे शौर्य मोठेच होते, पण वाळूने दिलेली साथही लहान नव्हती.

आजचा नकाशा

आमच्या कामातली एक गोष्ट इथे सांगतो. वाळवंटात रस्ता जमिनीपेक्षा थोडा उंच आणि बाजूंना सौम्य उतार ठेवून बांधतात, म्हणजे वारा वाळू वरून उडवून नेतो. रस्ता टेकाड खोदून नेला तर तीच वाळू खोदाईत साचते. मोठ्या महामार्गांवर ही काळजी घेतलेली असते, वाळू हटवायला यंत्रे येतात. गावरस्त्यावर ती कोण हटवणार? आमची गाडी रुतली ती अशाच ठिकाणी.

अमृतसर–जामनगर द्रुतगती मार्गाचा राजस्थानातला सुमारे पाचशे किलोमीटरचा भाग जुलै 2023 मध्ये खुला झाला. बिकानेरकडे जायचे असेल तर तो उत्तमच. पण त्यावर एकदा चढले की मनात येईल तिथे उतरता येत नाही, हे पेट्रोल आणि पाणी भरताना लक्षात ठेवावे. जैसलमेर त्याच्या वाटेवर नाही.

पाणीही आता बदलले आहे. सतलज-बियासच्या संगमावरच्या हरिकेहून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याने जैसलमेर जिल्ह्यापर्यंत हिमालयाचे पाणी आणले. आणि सांचोरकडे जे पाणी पोहोचले, ते आपल्या ओळखीचे आहे. सरदार सरोवराहून निघालेला नर्मदा कालवा आपल्या बडोद्याजवळून जातो, गुजरातेत 458 किलोमीटर वाहतो आणि 2008 साली त्याचे पाणी सांचोरपाशी राजस्थानात शिरले. रविवारी ज्या कालव्याच्या पुलावरून आपण गाडी नेतो, तेच पाणी आपल्या आधी वाळवंटाच्या दारात पोहोचलेले असते.

तर मग निर्णय

जाताना पाली–जोधपूर–पोखरणवरून जायचे, जोधपूरला मुक्काम. बरोबर ज्येष्ठ मंडळी आहेत, आणि या वाटेवर गावे, दवाखाने, दुरुस्तीची दुकाने जवळजवळ आहेत. अकबराने निवडलेला काठ आपल्यालाही पुरे. परतताना बाडमेर–सांचोरवरून, पण दिवसाउजेडी आणि महामार्ग न सोडता. अंधारात रस्त्यावर उंट आणि गुरे बसलेली असतात. पेट्रोलची टाकी निम्मी झाली की भरायची. प्रत्येक गाडीत वीस लिटर जादा पाणी, तपासलेली स्टेपनी आणि एक फावडे. नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवायचा, आणि त्याने वीस किलोमीटर वाचवायचे आमिष दाखवले तर ऐकायचे नाही.

तरुण मंडळींनी थोडी कुरकुर केली, पण मान्य केले. परतीच्या वाटेवर जमले तर त्या ढाणीवरही जाऊन यायचे आहे. महामार्गापासून ती सात-आठ किलोमीटर आत आहे, म्हणून एकच गाडी जाईल, आणि वाटेची आधी चौकशी करून जाईल. त्या बाईंसाठी काय न्यावे यावर आत्यांचे आणि घरातल्यांचे अजून एकमत झालेले नाही. आत्या म्हणतात, उकडीचे मोदक टिकणार नाहीत, तळणीचे न्या.

विघ्नहर्त्याची कृपा असतेच, पण त्याने बुद्धीही दिली आहे. ती वापरून निघू या. गणपती बाप्पा मोरया!