सास्तूरसारख्या गावात पहिला गेमिंग पीसी जोडायचाय? ८० हजारांत पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

गेमिंग पीसी जोडायला शिकवणारे बहुतेक व्हिडिओ मोठ्या शहरात बसून केलेले असतात. तिथे पार्टचं दुकान जवळ असतं, वीज सहसा जात नाही आणि काही बिघडलं तर सर्व्हिस सेंटरही त्याच शहरात सापडतं. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावात हे तिन्ही हिशेब बदलतात. म्हणून इथे ग्राफिक्स कार्डाआधी विजेचा आणि वॉरंटीचा विचार करावा लागतो. घरच्यांनी जमवलेले पैसे एका झटक्यात जळू नयेत, हा या सगळ्या आखणीचा गाभा.

८० हजारांची वाटणी कशी करायची?

भाव दर आठवड्याला बदलतात. त्यामुळे खालचे आकडे दरपत्रक म्हणून न वाचता वाटणीचा अंदाज म्हणून वाचावेत.

- ग्राफिक्स कार्ड: २५ हजार
- प्रोसेसर आणि मदरबोर्ड: १७ हजार
- रॅम आणि एसएसडी: १४ हजार
- मॉनिटर: ९ हजार
- पॉवर सप्लाय, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत एसएमपीएस: ५ हजार
- यूपीएस: ५ हजार
- कॅबिनेट: ३ हजार
- कीबोर्ड-माउस: २ हजार

विंडोजच्या परवान्याचा खर्च यात धरलेला नाही. कॉम्प्युटरच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे दुकानदाराने सांगितलेला भाव कर धरून आहे की कर सोडून, हे आधीच विचारून घ्यावं.

एक आकडा मात्र सर्वांत जास्त हलणारा आहे. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांकडून मेमरीची मागणी वाढली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. एसएसडीही त्यातून सुटली नाही. बजेट तुटत असेल तर आधी १६ जीबी रॅम आणि ५०० जीबी एसएसडीवर भागवावं. पुढे दोन्ही वाढवता येतात.

प्रोसेसर आणि कार्ड कोणतं?

फुल एचडी मॉनिटरवर गेम खेळायला ६ कोअरचा प्रोसेसर पुरतो. एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ हे दोघे जुने, पण अजूनही पैसा वसूल करणारे. दोघांतही ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. मात्र दोघांतही स्वतःचं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. इंटेलच्या नावातला शेवटचा 'एफ' हेच सांगतो.

रायझन ५ ५६०० ज्या एएम४ सॉकेटवर बसतो तो आता जुना झाला आहे. नव्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने सांगितलं आहे. पण त्यावर डीडीआर५ रॅमच लागते आणि मदरबोर्डही सहसा महाग पडतो. तीन-चार वर्षं काहीही बदलायचं नसेल तर एएम४ चालतो. दर वर्षी थोडं थोडं वाढवत न्यायचं असेल तर एएम५ बरा.

कार्डात आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ७६०० यांपैकी त्या आठवड्यात जे बजेटच्या जवळ मिळेल ते पाहावं. दोन्ही कार्डांत ८ जीबी मेमरी आहे. पहिलं साधारण १४५ वॅट वीज घेतं, दुसरं १६५ वॅट.

एकदम एवढे पैसे नसतील तर दुसरा रस्ता आहे. रायझन ५ ८६००जी या एएम५ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच आहे. व्हॅलोरंटसारखा हलका गेम त्यावर कार्डाशिवाय चालतो. कार्ड पुढच्या वर्षी घेता येतं.

सेकंडहँड कार्ड स्वस्त दिसतं, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर महिनोन्महिने रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. बिल आणि शिल्लक वॉरंटी नसेल तर पहिल्याच पीसीत असा जुगार नको.

पैसा कुठे अजिबात वाचवायचा नाही?

एसएमपीएसमध्ये. कॅबिनेटसोबत फुकट येणारा किंवा हजार रुपयांचा एसएमपीएस गेमिंगसाठी नसतो. तो जळताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. या पीसीला नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा आणि शक्यतो ५ वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस घ्यावा. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. सुरक्षिततेची हमी तो देत नाही, म्हणून कंपनी आणि वॉरंटीही पाहावी.

त्याहून स्वस्त आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्थिंग. चालू पीसीच्या उघड्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बहुतेक वेळा घराला किंवा त्या सॉकेटला नीट अर्थिंग नसतं. पार्ट मागवण्याआधीच वायरमनकडून ते तपासून घ्यावं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात बसवणारा जोड वापरू नये. त्यात अर्थिंगची वाटच बंद होते. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचाही पुरता उपयोग होत नाही.

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की पीसी बंद करून प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवावी.

यूपीएस किती मोठा हवा?

यूपीएसवर लिहिलेला आकडा व्हीएमध्ये असतो, वॅटमध्ये नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. वरचा पीसी मॉनिटरसह गेम खेळताना ३०० वॅटच्या आसपास जातो, म्हणजे ६०० व्हीएवर तो अगदी काठावर राहील. १००० व्हीएचा घ्यावा आणि खोक्यावर वॅटचा आकडाही वाचावा. यूपीएस तासभर गेम खेळण्यासाठी नसतो. वीज गेल्यावर गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करायला लागणारी काही मिनिटं तो देतो. घरातल्या इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा असेल तर तो साइन वेव्ह आहे का, हे तपासावं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पीसी लावू नये.

पार्ट कुठून घ्यायचे?

उमरगा परिसरातून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. त्यामुळे पश्चिमेला सोलापूर आणि पूर्वेला हैदराबाद, असे दोन पर्याय आहेत. सिकंदराबादच्या पार्क लेनवरचं चिनॉय ट्रेड सेंटर आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे कॉम्प्युटर पार्टचे जुने बाजार. ऑनलाइन मागवायचं असेल तर आधी गावाचा पिनकोड टाकून वस्तू घरापर्यंत येते का, ते पाहावं.

कुठूनही घेतलं तरी तीन नियम पाळावेत. प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल घ्यावं. वॉरंटी भारतात चालते का, हे विचारावं. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढावा आणि त्यात सिरियल नंबर दिसू द्यावा. बिघडलेला पार्ट कुरिअरने पाठवायची वेळ आली तर हीच कागदपत्रं कामाला येतात.

जोडताना कुठे चुकतं?

काम एका दुपारचं आहे, घाई मात्र नको. सुरुवात करण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरखाली असतात, एएम५ आणि इंटेल आय५-१२४००एफच्या पिना मदरबोर्डवर. दोन्ही ठिकाणी कोपऱ्यावरची त्रिकोणी खूण जुळवायची, दाब द्यायचा नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असतील आणि बोर्डावर चार खाचा असतील, तर सहसा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात.

मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डालाच लावायची. ती मदरबोर्डला लावली म्हणून "कार्ड खराब निघालं" असं वाटणारे पुष्कळ असतात. चालू झाल्यावर बायोसमध्ये रॅमचा पूर्ण वेग आणि विंडोजमध्ये मॉनिटरचा पूर्ण रिफ्रेश रेट निवडावा. हे दोन्ही आपोआप होतंच असं नाही.

उन्हाळा आणि धूळ

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पुढून जाळी असलेलं, दोन-तीन पंख्यांचं आणि धुळीची गाळणी असलेलं कॅबिनेट इथे काचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटपेक्षा जास्त कामाचं. ते जमिनीवर न ठेवता टेबलावर, भिंतीपासून थोडं दूर ठेवावं. महिन्यातून एकदा गाळणी धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावावी. पंखे ब्रशने साफ करताना पातं बोटाने धरून ठेवावं. या कामाला पैसे लागत नाहीत, आणि पीसी किती वर्षं चालेल हे बरंचसं त्यावर ठरतं.