आकाशातले दिवे आणि पाहणाऱ्यांची साक्ष

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लोकांनी आकाशातून जळत जाणारी दिव्यांची रांग पाहिली. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं.

पण आकाशात काही दिसलं असं लोक सांगतात, तेव्हा त्यावर विश्वास किती ठेवायचा? हा वाद जुना आहे.

१७६८ साली फ्रान्समधल्या ल्युसे इथे आकाशातून दगड पडल्याचं शेतकऱ्यांनी सांगितलं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने दगड तपासला. तपासणाऱ्यांत लाव्हाझिएसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ होता. निष्कर्ष काय, तर दगड जमिनीवरचाच, त्यावर वीज पडली असावी. शेतकऱ्यांचं म्हणणं बाजूलाच राहिलं.

पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी नॉर्मंडीतल्या लेगल गावाजवळ भर दुपारी आकाशात स्फोट झाले आणि सुमारे तीन हजार दगड पडले. या वेळी सरकारने २९ वर्षांच्या झाँ-बाप्तिस्त बिओ या शास्त्रज्ञाला तिकडे धाडलं. तो वाटेतल्या गावांपासूनच चौकशी करत गेला. वेगवेगळ्या व्यवसायांच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांना त्याने विचारलं; सगळ्यांचं सांगणं जुळलं. असे दगड त्या भागात आधी कुणी पाहिले नव्हते, हेही त्याने तपासलं. दगड कुठे कुठे पडले याची नोंद केली, तेव्हा सुमारे दहा किलोमीटर लांबीचा लंबगोल पट्टा तयार झाला. मोठे दगड एका टोकाला, लहान दुसऱ्या टोकाला! एवढं कोण रचून सांगणार? त्याच्या अहवालानंतर आकाशातून दगड पडतात हे बहुतेक शास्त्रज्ञांनी मान्य केलं. गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं.

बिओची पद्धत आपल्यालाही जमण्यासारखी आहे. गच्चीवरून असं काही दिसलं, तर लगेच वेळ लिहा. ते कुठल्या दिशेला दिसलं, कुठल्या इमारतीच्या वरून गेलं, किती सेकंद दिसलं, रंग कोणता, आवाज आला का आणि किती वेळाने, हे टिपा. ते काय असेल याचा अंदाज नंतर करता येतो. आणि हो, शेजाऱ्यांशी चर्चा करण्याआधी लिहा. प्रत्येकाने आपापलं लिहिलं, तरच पुढे ते जुळतं का हे पाहता येईल.