वाऱ्याचा जोर : दृश्य खुणांवरून अंदाज (पालघर किनारा)

यंत्राविना, धूर, झाडे आणि समुद्राचा पृष्ठभाग पाहून वाऱ्याचा वेग ठरवण्याची पद्धत. तिचे सर्वमान्य कोष्टक म्हणजे ० ते १२ अंकांची बोफर्ट श्रेणी. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५-०६ च्या सुमारास ती युद्धनौकेच्या शिडांवरून मांडली. बाराव्या अंकाला एकही शीड टिकत नसे. वेगाचे आकडे व जमिनीवरच्या खुणा यांची जोड जॉर्ज सिम्पसन यांनी १९०६ मध्ये दिली. त्याच वर्षी ते भारतीय हवामान खात्यात सिमल्याला रुजू झाले.

जमिनीवर : धूर सरळ वर चढला तर अंक ०, पाने व बारीक डहाळ्या सतत हलल्या तर ३ (ताशी १२–१९ किमी), डहाळ्या मोडू लागल्या तर ८ (६२–७४ किमी). बोईसर-तारापूरच्या उंच धुराड्यांचा धूर वरच्या थरातला वारा दाखवतो, म्हणून जमिनीलगतच्या अंदाजाला तो धरू नये. केळवे-शिरगावच्या सुरूच्या बनात मंद वाऱ्यातही घोंगावल्यासारखा आवाज येतो; कानापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी.

समुद्रावर : अंक ३ ला लाटांचे माथे कुठे कुठे फुटू लागतात, ५ ला फेस जागोजाग दिसतो, ७ ला तो वाऱ्याच्या दिशेने पट्ट्यापट्ट्यांनी ओढला जातो. पण हे वर्णन मोकळ्या, खोल समुद्राचे आहे आणि पालघरला ते जसेच्या तसे लावता येत नाही. इथला किनारा उथळ, भरती-ओहोटीतील फरक मोठा. सातपाटी-मुरब्याच्या खाडीमुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून खारा वारा आला, तर लाटा आखूड व उभ्या होतात, आणि अंक ४ चा वाराही ५-६ सारखा भासतो. याउलट पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो; लाट उठायला त्याला पुरेसे अंतर मिळत नाही. किनारा शांत दिसतो, जोर मात्र बाहेर गेल्यावर कळतो. कोळ्यांच्या दृष्टीने ही दुसरी चूक अधिक घातक. वारा सुरू होताच लाटही लगेच पूर्ण वाढत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

रात्री : पद्धत जवळजवळ निरुपयोगी.

वादळे : ताशी ६२ किमीपासून हवामान खाते ‘चक्रीवादळ’ म्हणते, हीच अंक ८ ची खालची मर्यादा. बंदरावर चढवलेला ‘तीन नंबरचा बावटा’ खवळलेल्या हवेचा इशारा देतो. मे २०२१ च्या ‘तौक्ते’ वादळात ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा वाहत येऊन पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतला. त्यावरील १३७ जणांची सुटका झाली.

नोंद करताना अंकाशेजारी भरती-ओहोटीची वेळ व वाऱ्याची दिशा लिहावी. त्यांच्याविना इथल्या समुद्रावरचा अंदाज डहाणू वेधशाळेच्या आकड्याशी ताडता येत नाही.