डागाळलेल्या दातांची गोष्ट

आपल्यापैकी अनेकांचे लहानपण राखुंडी, काळी दंतमंजनाची पावडर आणि आजोबांनी तोडून दिलेली कडुलिंबाची काडी यांच्या संगतीत गेले. अमेरिकेत मुलांना डेंटिस्टकडे नेले की मात्र एक वेगळाच प्रश्न कानावर येतो, "घरी नळाचे पाणी पिता की बाटलीचे?" दातांचा आणि नळाचा काय संबंध, असे मनात येतेच. त्या संबंधाचा शोध याच देशात लागला आणि त्याची सुरुवात चांगल्या दातांपासून नव्हे, तर खराब दिसणाऱ्या दातांपासून झाली.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके हा नुकताच पदवी घेतलेला तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे दवाखाना थाटायला आला. तिथे जन्मलेल्या बहुसंख्य लोकांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते. गावकऱ्यांना त्याचे काही वाटत नव्हते, पण मॅकेला चैन पडेना. दंतशास्त्रातले त्या काळचे मोठे नाव म्हणजे डॉ. जी. व्ही. ब्लॅक. मॅकेच्या खटपटीमुळे ते १९०९ मध्ये स्वतः तिथे आले. दोघांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. हे डाग दात तयार होण्याच्या वयातच पडतात, मोठेपणी आलेल्या माणसाला पडत नाहीत. आणि आश्चर्य म्हणजे, हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत!

मॅकेचा संशय पाण्यावर होता. १९२३ मध्ये आयडाहोतील ओकली गावी त्याला पुरावा मिळाला. दूरच्या एका गरम झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यानंतरच तिथल्या मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले होते. मॅकेच्या सल्ल्यावरून गावाने तो झरा सोडला आणि पुढच्या मुलांचे दात स्वच्छ आले. पण पाण्यात नेमके आहे तरी काय? नेहमीच्या तपासणीत काहीच सापडत नव्हते.

आम्ही आयटीवाले बग शोधताना एकसारख्या दोन सिस्टिम्स शेजारी ठेवतो आणि फरक कुठे आहे ते पाहतो. इथेही तसेच घडले. आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट हे अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीचे गाव. तिथल्या मुलांच्या दातांवर डाग, तर काही मैलांवरच्या बेंटन गावात नाहीत. अॅल्युमिनियमच्या भांड्यांबद्दल लोकांत आधीच शंका होत्या, त्यात ही भर नको म्हणून कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाण्याची अधिक बारकाईने तपासणी केली. १९३१ मध्ये गुन्हेगार सापडला: फ्लोराइड!

त्यानंतर सरकारी आरोग्य खात्याचे डॉ. ट्रेंडली डीन यांनी प्रश्नच उलटा केला. डाग पडणार नाहीत, पण कीडही लागणार नाही, असे प्रमाण किती? अनेक गावांची पाहणी करून उत्तर आले, एका लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने पाण्यात फ्लोराइड घालायला सुरुवात केली. असे करणारे ते जगातले पहिले शहर. तुलनेसाठी जवळचे मस्केगन शहर निवडले होते. अकरा वर्षांनंतर असे दिसले की, ग्रँड रॅपिड्समध्ये योजनेनंतर जन्मलेल्या मुलांतील कीड ६० टक्क्यांहून अधिक घटली होती.

हे घडते कसे? तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात, त्या आम्लात दाताच्या वरच्या आवरणातले खनिज विरघळते. लाळ ते पुन्हा भरून काढायचा प्रयत्न करते. लाळेत थोडे फ्लोराइड असले तर ही भरपाई लवकर होते आणि नवे खनिज आम्लाला अधिक दाद देत नाही. म्हणजे फ्लोराइडचे मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावरच चालते. म्हणूनच फ्लोराइडची टूथपेस्टही उपयोगी पडते. १९५० च्या दशकात बाजारात आलेल्या क्रेस्टला १९६० मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने मान्यता दिली. दाढांच्या खोल खाचांत मात्र ब्रशचे केस पोचत नाहीत. त्यावरचा मार्ग रॉचेस्टरच्या डॉ. मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवला. दाताचा पृष्ठभाग सौम्यपणे आम्लाने खरखरीत केला की त्यावर प्लास्टिकसारखे द्रव्य घट्ट बसते. आज मुलांच्या दाढांवर लावतात ते सीलंट याच कल्पनेतून आले.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती आपल्या महाराष्ट्रातच आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात खडकातूनच जास्त फ्लोराइड उतरते. तिथे प्रश्न नुसत्या डागांचा नाही. वर्षानुवर्षे असे पाणी पिऊन माणसांचे सांधे आखडतात, हाडे वाकतात. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून असे पाणी शुद्ध करण्याची 'नलगोंडा पद्धत' विकसित केली. एकच द्रव्य, इथे मोजून घालायचे आणि तिथे खटपट करून काढायचे!

मात्रेचा हा वाद अमेरिकेतही संपलेला नाही. २०१५ मध्ये शिफारस ०.७ मिलिग्रॅमवर आणली गेली. २०२४ मध्ये एका सरकारी अहवालाने १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइडचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी जोडला. ०.७ बद्दल मात्र त्यात ठोस निष्कर्ष नाही. २०२५ मध्ये युटा आणि फ्लोरिडाने पाण्यात फ्लोराइड घालणे कायद्याने बंद केले. उलट कॅनडातील कॅलगरी शहराने २०११ मध्ये बंद केलेली योजना मुलांतील कीड वाढल्यावर २०२५ मध्ये पुन्हा सुरू केली.

आपण काय करायचे? पाणीपुरवठा खात्याचा वार्षिक अहवाल पाहावा. घरची विहीर असेल तर पाणी तपासून घ्यावे. हौसेने बसवलेला आर.ओ. फिल्टर बरेचसे फ्लोराइड काढून टाकतो, हे डेंटिस्टला जरूर सांगावे. तीन वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी आणि ती गिळू देऊ नये. आणि आजीने झोपताना हातावर ठेवलेला बेसनाचा लाडू खाल्ल्यावर पुन्हा एकदा ब्रश करायला लावावा, आजी कितीही रागावली तरी!