एलरहाइन : बंदीच्या काळात वाढलेले आवाज



बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा लहानसा देश आहे. लोकसंख्या साधारण साडेतेरा लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहराहूनही कमी. त्याची राजधानी टॅलिन. तिथे १९५१ साली हेइनो काल्युस्ते या संगीतशिक्षकाने मुलांचा गायकवृंद सुरू केला. त्याचे नाव एलरहाइन. त्या कामातून उभा राहिलेला एलरहाइन मुलींचा गायकवृंद पुढे जगात नावाजला. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले पाठवणाऱ्या आणि ती सांभाळणाऱ्या आपण सर्वांनी त्याची गोष्ट ऐकावी, असे मला वाटते.

या गोष्टीचे मूळ दोनशे वर्षे मागे आहे. अठराव्या शतकात जर्मनीतील हेर्नहुट गावाहून मोरेव्हियन बंधुमंडळाचे प्रेषितकार्यकर्ते एस्टोनियात आले. त्यांचे पुढारी काउंट झिंझेंडॉर्फ १७३६ साली स्वतः येऊन गेले. एस्टोनियन शेतकरी तेव्हा जमीनदारांचे भूदास होते. बंधुमंडळाने त्यांना वाचायला शिकवले, प्रार्थनाघरे बांधली आणि अनेक स्वरांत मिळून गायला शिकवले. १७४३ साली रशियाच्या सम्राज्ञीने या चळवळीवर बंदी घातली, तरी लोक घराघरांत जमत राहिले.

त्या प्रार्थनाघरांतून समूहगायनाची सवय देशभर रुजली. १८६९ साली तार्तू शहरात पहिला राष्ट्रीय गीतमहोत्सव भरला, त्यात बरीचशी गीते धार्मिक होती. गाणारे मात्र फक्त पुरुष. स्त्रियांचे आवाज असलेले मिश्र गायकवृंद १८९१ च्या महोत्सवात प्रथम आले.

दुसऱ्या महायुद्धात देश सोव्हिएत सत्तेखाली गेला. लहान मुलांना संघटितपणे धर्मशिक्षण देणे त्या राजवटीत गुन्हा होता. नाताळ सार्वजनिक सणांतून काढून टाकला. मार्च १९४९ मध्ये काही दिवसांत वीस हजारांहून अधिक माणसे घरांतून उचलून सैबेरियाकडे धाडली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. १९५० साली गीतमहोत्सवाचे तीन नामवंत संचालक, वेत्तिक, कारिंदी आणि पेत्स, यांना अटक झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी एलरहाइन सुरू झाला, हे ध्यानात घेतले की काल्युस्ते यांचे काम किती नाजूक होते ते कळते.

एलरहाइन हा चर्चचा गायकवृंद नव्हता. त्या काळच्या इतर गायकवृंदांप्रमाणे त्यालाही सत्तेला रुचतील अशी गाणी गावी लागली. उगाच त्याला गुप्त प्रार्थनामंडळ ठरवणे खरे होणार नाही. पण काल्युस्ते यांनी मुलांना शिकवण्याची जी पद्धत देशात रुजवली, तिची वंशावळ पाहण्यासारखी आहे.

अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या बेनेडिक्टाइन संन्याशाने बालगायकांसाठी संत योहान बाप्तिस्ताच्या स्तोत्रातून स्वरांची नावे घेतली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर या धर्मगुरूच्या कन्येने गरीब मुलांसाठी ती सोपी केली, आणि जॉन कर्वेन या पाळकांनी रविवारच्या शाळांतून पसरवली. हंगेरीच्या कोदाय यांनी ती आपल्या शाळांत आणली. काल्युस्ते यांनी तिथून प्रेरणा घेऊन एस्टोनियन मुलांसाठी यो, ले, मी, ना, सो, रा, दी ही नावे वापरली. यातील ‘यो’ आपल्या ‘सा’सारखा आहे. गाणाऱ्याच्या गळ्याला मानवेल तिथे तो धरायचा आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखायचे. मठात आणि रविवारच्या शाळेत वाढलेली ही विद्या नास्तिक राजवटीच्या वर्गांत शिकवली गेली आणि कोणी तिला अडवले नाही.

काल्युस्ते यांच्यानंतर मुलींची धुरा तीआ-एस्तेर लोइत्मे यांच्याकडे आली. १९४९ च्या त्या हद्दपारीत पंधरा वर्षांच्या तीआ-एस्तेरलाही सैबेरियात नेले होते. स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र आपल्याला ठाऊक आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांनी आपल्या वीणा झाडांवर टांगल्या होत्या. ही मुलगी परतली, संगीत शिकली आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना गायला शिकवत राहिली. १९९१ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला. २००४ साली सिबेलियसच्या कँटाटांच्या ध्वनिमुद्रणाला समूहगायनाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यात एस्टोनियाच्या राष्ट्रीय पुरुष गायकवृंदाबरोबर एलरहाइनच्या मुली गायल्या होत्या.

काल्युस्ते यांचे पुत्र तोनू यांनी एलरहाइनच्याच प्रौढ शाखेतून १९८१ साली एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर कॉयर उभा केला. आर्वो पार्त यांची भक्तिरचना आज जगभर ऐकली जाते, ती बरीचशी याच गायकवृंदाच्या आवाजात. हेच ते पार्त, ज्यांच्या १९६८ सालच्या ‘क्रेडो’ या रचनेत प्रभू येशूवरील विश्वासाची उघड कबुली होती म्हणून अधिकारी खवळले होते. बंदी उठली तेव्हा देवाचे शब्द गायला तयार गळे त्या देशात होते, कारण बंदीच्या काळातही कोणीतरी मुलांना दर आठवड्याला सूर धरायला शिकवत होते.

आपल्यावर अशी बंदी नाही. आपण मुलांना प्रार्थनाही शिकवू शकतो आणि गाणेही. तरी परीक्षा जवळ आली की गायनाचा सराव पहिला बंद होतो, आणि ‘तेवढा वेळ प्रश्नोत्तरांना द्या’ असे आपणच म्हणतो. पाठ केलेली उत्तरे मोठेपणी किती जणांना आठवतात? लहानपणी मिस्सेत गायलेले गीत मात्र आजारपणातही ओठांवर येते. म्हणून पालकांना विनंती आहे, मुलांना, आणि विशेषतः मुलींना, सरावाला पाठवा. ‘आवाज चांगला नाही’ म्हणून कोणाला घरी ठेवू नका. आवाज शिकवून घडतो.

हे प्रभो, आमच्या लेकरांच्या मुखी तुझी स्तुती ठेव, आणि ती शिकवण्याचा धीर आम्हांला दे. आमेन.