गढूळ पाण्याचा हिशेब

सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गाळाने भरलेली ही बारव लोकांनी एकत्र येऊन मोकळी केली. बारवेतला गाळ निदान टोपल्यांनी उपसता येतो. शिवारातून ओढ्याला लागलेली माती मात्र शेवटी गोदावरीत जाते आणि परत येत नाही.

मराठवाड्यात जुना रिवाज असा, की भारी काळे रान पावसाळाभर मोकळे ठेवायचे, पाळ्या घालायच्या आणि रब्बीला ज्वारी पेरायची. ओल धरून ठेवायची ती रीत होती. पण ऐन पावसात माती उघडी राही. काळी माती भिजली की फुगते, भेगा बुजतात, पाणी मुरेनासे होते. अशा वेळी धो धो पाऊस कोसळला, की वरचा कसदार थर वाहू लागतो. स्फुरद मातीच्या बारीक कणांना चिकटून जाते, नत्र पाण्यात विरघळून जाते. हंगामाची बरीचशी धूप अशा मोजक्या पावसांतच होते.

यावर पहिला इलाज सुचला तो बांधाचा. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि बांधबंदिस्तीला वेग आला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पुढे १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांनी बांध घातले. बांधाने वाहते पाणी अडते; उघड्या मातीवर आदळणारा थेंब मात्र अडत नाही.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. पावसाळ्यात पडीक ठेवलेल्या रानातून हेक्टरी सुमारे साडेसहा टन माती दरवर्षी गेली. रुंद वरंबे, सऱ्या आणि खरिपातही पीक असलेल्या रानातून जेमतेम दीड टन. आज सोयाबीनसाठी कृषी विभाग याच रुंद वरंबा-सरी पद्धतीचा आग्रह धरतो.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने जमिनी खरडून गेल्या. सरकारने त्यांच्यासाठी वेगळी मदत दिली. पण पैशाने गाळ आणून टाकता येतो. शतकांनी घडलेला थर पुन्हा घडवता येत नाही. म्हणून खताची गोणी फोडण्याआधी आभाळाकडे पाहावे, खत मातीआड करावे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याचा रंग पाहावा. तो जितका गढूळ, तितके आपले खत आणि आपली माती गावाबाहेर चालली आहे.