रेनहिलचे पाचशे पौंड

तरुण उद्योजकांना मोठ्या कंपन्यांनी पारितोषिके द्यावी, ही रीत हल्ली आपल्या चांगल्या परिचयाची आहे. विजेत्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात झळकते. हरलेल्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाही. या रीतीचा एक जुना व गाजलेला नमुना इंग्लंडात १८२९ साली घडला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

लिव्हरपूल ते मँचेस्टर लोहमार्ग बांधणाऱ्या कंपनीचे संचालक तेव्हा मोठ्या पेचात होते. मार्ग तयार होत होता, पण गाड्या ओढावयाच्या कशाने? ठिकठिकाणी स्थिर यंत्रे बसवून दोरांनी ओढाव्या, असा तज्ज्ञांचा अभिप्राय. मुख्य अभियंता जॉर्ज स्टीफन्सन यांचा भर धावत्या इंजिनावर. अखेर संचालकांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले. इंजिन सहा टनांहून जड नसावे, त्याने स्वतःच्या तिप्पट भार ताशी १० मैलांनी ओढावा आणि किंमत ५५० पौंडांवर जाऊ नये, अशा अटी होत्या. म्हणजे बक्षीस एका इंजिनाच्या किमतीहूनही कमीच! खरे आमिष पुढे मिळणाऱ्या मागणीचे होते.

६ ऑक्टोबरपासून रेनहिल येथे हजारोंच्या गर्दीपुढे परीक्षा चालली. एका गृहस्थाने तर घोड्याच्या चालीवर चालणारे यंत्र आणले होते! गर्दीचे मन जिंकले ते ब्रेथवेट आणि २६ वर्षांचा स्वीडिश तरुण एरिक्सन यांच्या ‘नॉव्हेल्टी’ने. परंतु त्यांचा कारखाना लंडनचा, आणि तेथे चाचणी घ्यावयास रूळच नव्हते. जे दोष घरी सापडावयाचे, ते भर मैदानात सापडले. दुसऱ्या रेल्वेच्या चाकरीत राहून पदरमोड करणाऱ्या टिमथी हॅकवर्थचे ‘सान्स पारेल’, म्हणजे ‘अनुपम’, सिलिंडर फुटून थांबले. तो सिलिंडर ओतला होता प्रतिस्पर्ध्याच्याच कारखान्यात. त्यावरून पुढे कुजबूज झाली; कपट मात्र कधी सिद्ध झाले नाही.

तो प्रतिस्पर्धी म्हणजे जॉर्जचा मुलगा रॉबर्ट. वय जेमतेम २६. त्याचे ‘रॉकेट’ किलिंगवर्थच्या रुळांवर आधीच पारखून आणलेले होते. बाष्पपात्रात तांब्याच्या २५ नळ्या बसवाव्या, ही कल्पना हेन्री बूथ यांची. आता पाहा, बक्षीस देणाऱ्या कंपनीचा अभियंता विजेत्याचा बाप, आणि तिचाच खजिनदार बूथ बक्षिसाचा वाटेकरी! तथापि निकाल अन्यायाचा होता, असे मला म्हणवत नाही. परीक्षकांपैकी रॅस्ट्रिक हे स्थिर यंत्रांची शिफारस करणाऱ्यांपैकीच एक होते. आणि सर्व अटी पुऱ्या करणारे इंजिन एकटे ‘रॉकेट’च ठरले. विषमता निकालात नव्हती, ती तयारीच्या संधीत होती.

१८३० च्या सप्टेंबरात मार्ग खुला झाला, त्या दिवशी धावलेली आठही इंजिने स्टीफन्सनच्या कारखान्यातली. रॉबर्ट पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा सल्लागार अभियंता झाला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीचा मार्ग त्याच्याच शिष्याने, जेम्स बर्कलीने, बांधविला. एरिक्सन अमेरिकेत गेला आणि १८६२ साली त्याच्या ‘मॉनिटर’ या चिलखती नौकेने नाव काढले.

‘सान्स पारेल’ कंपनीने विकत घेतले आणि शेजारच्या बोल्टन मार्गावर भाड्याने दिले. तेथे त्याने वर्षानुवर्षे इमानाने ओझी ओढली. नंतर चाके थांबवून ते एका कोळशाच्या खाणीवर बसविण्यात आले. तेथे ते १८६३ पर्यंत स्थिर यंत्र म्हणून राबत होते.